टीव्हीच्या खोलीचा इतिहास

शाळेच्या जुन्या इमारतीत मुख्याध्यापकांच्या खोलीला लागून एक अरुंद खोली आहे. तिला खिडकी एकच, तीही व्हरांड्याकडे उघडणारी. सध्या तिथे पोषण आहाराच्या तांदळाची पोती, मोडके बाक आणि खेळाच्या साहित्याची पेटी असते. तरीही शाळेत आणि गावात ती ‘टीव्हीची खोली’ म्हणूनच ओळखली जाते. ज्या मुलांनी तिथे टीव्ही कधी पाहिलाच नाही, तीही “टीव्हीच्या खोलीतून चेंडू आणतो जी” असेच सांगून जातात.

स्मरणिका समितीने इमारत, मुख्याध्यापकांची परंपरा, देणगीदार, माजी विद्यार्थी असे विषय वाटून दिले, तेव्हा या खोलीचा विषय मी मागून घेतला. आपली शाळा जिल्हा परिषदेची, आरमोरी तालुक्यातली. कित्येक वर्षे चार वर्गांना दोन शिक्षक होते, आणि त्यांतले एक जनगणना, मतदार यादी किंवा तालुक्याच्या बैठकीत अडकलेले असत. त्या काळात या खोलीतून एक तिसरा शिक्षक शिकवत होता. त्याचा पगार आपल्या जिल्हा परिषदेने कधी दिला नाही आणि हजेरीपटावर त्याचे नाव कधी लागले नाही. तो पुण्याहून येत असे. त्याचे नाव बालचित्रवाणी. शाळेचा इतिहास लिहायचा आणि त्याला वगळायचे, हे मला बरोबर वाटले नाही.

आपला गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, दिल्लीहून देशभर एकाच वेळी दिसणारे दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रसारण सुरू झाले आणि चित्र रंगीत झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोडलेला इन्सॅट-१ए हा उपग्रह मात्र सप्टेंबरमध्ये निकामी झाला. त्याच्या जागी इन्सॅट-१बी ३० ऑगस्ट १९८३ रोजी अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून अवकाशात गेला, आणि खेड्यातल्या शाळांना उपग्रहावरून शिकवण्याची योजना खऱ्या अर्थाने मार्गी लागली.

त्याआधी आपल्या शेजाऱ्यांनी ही गोष्ट एकदा पाहिली होती. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताला वापरायला मिळाला. सहा राज्यांतल्या वीस जिल्ह्यांमधली सुमारे २,४०० गावे निवडली गेली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या मोठ्या छत्र्या बसवल्या गेल्या. सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी गावासाठी कार्यक्रम झाले. रायपूर, दुर्ग आणि बिलासपूर हे जिल्हे त्यात होते. म्हणजे कोरची-कुरखेड्याच्या पलीकडे, ज्यांच्याशी आपले सोयरसंबंध आणि बाजारहाट चालतो, त्या छत्तीसगडात शाळेतली मुले टीव्हीसमोर बसली. महाराष्ट्रातला एकही जिल्हा त्या वीसांत नव्हता. वर्ष संपले, तो उपग्रह परत गेला आणि ती गावेही पुन्हा अंधारात राहिली. यंत्र येते तेव्हा उत्सव होतो, पण ते चालू ठेवण्याची तरतूद नसेल तर वर्षभरात सगळे थांबते, हे त्या वेळीच दिसले होते. पुढच्या सगळ्या गोष्टीत ही अडचण पुन्हा पुन्हा येणार आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुण्यात सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुढच्याच वर्षी दिसू लागले. ‘किलबिल’ हा मुलांचा कार्यक्रम, चिमणराव आणि गुंड्याभाऊ, शालेय चित्रवाणीचे पाठ ही मुंबई-पुण्याच्या एका पिढीची बालपणाची ठेव आहे. आपल्याकडे त्यातले काही आले नाही. मुंबईचा मनोरा वैनगंगेपासून इतका दूर, की तिथले चित्र इथपर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून लहानपणी पाहिलेला टीव्ही असा विषय निघाला की आपल्याकडची माणसे पुण्याच्या माणसांपेक्षा दहा-पंधरा वर्षे उशिराच्या गोष्टी सांगतात.

बालचित्रवाणीची स्थापना पुण्यात २७ जानेवारी १९८४ रोजी झाली. सरकारी कागदावर ती राज्य शैक्षणिक तंत्रविज्ञान संस्था होती. इन्सॅटच्या शैक्षणिक योजनेसाठी महाराष्ट्र, गुजरात, आंध्र प्रदेश, ओरिसा, बिहार आणि उत्तर प्रदेश या सहा राज्यांत अशा संस्था उभ्या राहिल्या. दिल्लीत त्याच कामासाठी एनसीईआरटीची केंद्रीय संस्था होती, जिचा ‘तरंग’ हा हिंदी कार्यक्रम अनेकांना आठवत असेल. उपग्रह एकच आणि भाषा पाच: हिंदी, मराठी, गुजराती, तेलुगू, उडिया. म्हणून प्रत्येक भाषेला दिवसाची सुमारे पाऊण तास अशी पाळी होती. त्या पाऊण तासात दोन वयोगट बसवायचे: पाच ते आठ वर्षांची लहान मुले आणि नऊ ते अकराची थोडी मोठी. त्यामुळे एका गटाला वीस-बावीस मिनिटे मिळत. आपल्या शाळेच्या दृष्टीने पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी असे ते सरळ दोन भाग होते, आणि दोन शिक्षकांनाही ते सोयीचे होते.

पुण्यात सेनापती बापट मार्गावर, बालभारतीच्या शेजारी, संस्थेचा स्वतःचा स्टुडिओ होता. शिक्षणाच्या सरकारी कामात ही फार मोठी गोष्ट होती. पाठ्यपुस्तक छापणारी संस्था आणि त्याच पाठाला हलते चित्र देणारी संस्था एकमेकींच्या शेजारी होत्या. संहिता लिहिणारे, बाहुल्या हलवणारे, नेपथ्य रंगवणारे, कॅमेरा आणि संकलन सांभाळणारे लोक तिथे नोकरीला होते, आणि बाहेरचे शिक्षक, नट, गायक गरजेप्रमाणे येत. तेहतीस वर्षांत तिथे सुमारे ६,००० कार्यक्रम तयार झाले. मराठीत मुलांसाठी इतके काम दुसऱ्या कोणत्या एका घराने केले असेल, असे मला वाटत नाही.

आपल्याकडे संच आला तो आधी ग्रामपंचायतीचा, कृष्णधवल, सामुदायिक. लाकडी पेटी, समोर सरकती झडप, झडपेला कुलूप. किल्ली पंचायतीच्या शिपायाकडे असे, आणि शिपाई धानाच्या बांधीत गेला की किल्लीही बांधीत. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर शैक्षणिक तंत्रज्ञानाची योजना आली आणि तिच्यातून शाळांना रंगीत संच आणि टू-इन-वन मिळू लागले. तसा एक आपल्या शाळेला मिळाला. त्याच्यासाठी ही खोली रिकामी करण्यात आली. आधी तिच्यात सरपण ठेवत.

१९८४ मध्ये देशात काही महिने रोज जवळजवळ एक याप्रमाणे नवे छोटे प्रक्षेपक सुरू होत होते. बातमी वाचताना वाटायचे की आता सगळा देश टीव्हीखाली आला. पण त्या छोट्या प्रक्षेपकाचा पल्ला वीस-पंचवीस किलोमीटरचा. जिल्ह्याच्या गावाला चित्र स्वच्छ दिसे, आपल्यासारख्या गावांना मुंग्या. धानोरा, एटापल्ली, भामरागड, सिरोंचाकडच्या शाळांची तर गोष्टच वेगळी होती. आपल्या गावात ॲन्टेना उंच करण्यासाठी दोन लांब बांबू एकमेकांना तारेने बांधले होते. एक मोठा मुलगा कौलावर, एक खिडकीत, एक दारात.

“आला का चित्र?”

“आला जी... गेला!”

“थोडा नदीकडे फिरव.”

“आला, आला! आता हात नको लावू.”

हा संवाद आपल्या गावात इतक्या वेळा झाला आहे की त्या वर्गांत शिकलेल्या कोणालाही तो पाठ असेल. चित्र लागले की कौलावरचा मुलगा खाली येईपर्यंत कार्यक्रमाचे शीर्षक संपलेले असे. त्याची पाळी आठवड्याने बदलायची, हा नियम आमच्या आधीच्या गुरुजींनी घालून दिला होता, आणि तो न्यायाचा होता.

या खोलीची एक नोंदवही ठेवलेली होती. तारीख, कार्यक्रमाचा विषय, वर्ग, उपस्थिती आणि शेरा. पहिली वही वाळवीने खाल्ली. दुसरी अजून आहे, तिची मागची निम्मी पाने शाबूत आहेत. ती मी पुन्हा वाचली. शेऱ्याच्या रकान्यात ‘वीज नाही’ हे दोन शब्द सर्वांत जास्त वेळा आहेत. त्याखालोखाल ‘आवाज आला, चित्र नाही’, ‘चित्र आले, आवाज नाही’, ‘वादळाने बांबू पडला’, ‘मंडईनिमित्त उपस्थिती कमी’. एका पानावर शिक्षकाने लिहिले आहे: ‘कार्यक्रम चांगला. मुले पुन्हा मागतात.’ मुले पुन्हा मागत, पण पुन्हा दाखवण्याची सोय त्या खोलीत नव्हती. जे वीस मिनिटांत दिसले ते दिसले. म्हणूनच मुले ज्या एकाग्रतेने पाहत, तशी एकाग्रता पुढे संगणकासमोरही मला दिसली नाही.

पाहण्याची या मुलांना सवय होती. झाडीपट्टीतले मूल चालायला लागायच्या आधी दंडार पाहते. दिवाळीनंतर मंडई आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो, शंकरपटाच्या दिवशी गावात रात्रभर नाटक असते, आणि मुले आईच्या मांडीवर झोपत-जागत पहाटेपर्यंत तिथेच असतात. नट, बाहुली, पेटीचा सूर, पडद्यामागची हालचाल हे त्यांना नवे नव्हते. नवे होते ते हे, की कोणीतरी फक्त त्यांच्यासाठी नाटक करत आहे. नाटकात मुले मोठ्यांच्या मध्ये मिळेल त्या जागेवरून बघत असत. टीव्हीच्या खोलीत पहिली रांग त्यांची, आणि खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभे मोठे लोक. कापणीला निघालेल्या बाया डोक्यावरची टोपली उतरवून पाच मिनिटे थांबत. पेशीच्या विभाजनाला किंवा पाण्याच्या वाफेला बाहेरून दाद मिळते, हे मी त्या खोलीतच पाहिले.

शिक्षक म्हणून सांगतो, त्या कार्यक्रमांचे मोल कार्यक्रम संपल्यानंतर कळायचे. कागदाची भिंगरी करायला शिकवली तर दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानाच्या भिंगऱ्या शाळेत येत, कारण घोटीव कागद कोणाकडे नसे. पान दुमडताना शीर मोडते, मग मुलींनी पान थोडे वाळवून घ्यायचे शोधून काढले. वाळलेले पान कुरकुरते, म्हणून त्यांनी ते रात्रभर ओल्या फडक्यात ठेवले. हे पुण्याच्या संहितेत नव्हते. ते या मुलींचे होते, पण भिंगरीची कल्पना पुण्याहून आल्याशिवाय ते झाले नसते. आपल्या शाळेत प्रयोगाची पेटी येण्याच्या कितीतरी आधी मुलांनी विज्ञानाचा प्रयोग पाहिला तो याच काचेवर.

उणिवाही लिहायला हव्यात. पडद्यावरची मराठी पुण्याची होती. आपल्या मुलांची झाडीबोली, आणि पुढे कुरखेडा-धानोऱ्याकडे गोंडी, भामरागडला माडिया, सिरोंचाला तेलुगू, मुलचेऱ्याला बंगाली, कोरचीला छत्तीसगडी. एका जिल्ह्यात एवढ्या भाषा असताना एका मराठीत सगळ्यांशी बोलणे अपुरेच होते. शेत म्हणजे ऊस किंवा ज्वारी, पाऊस म्हणजे कोकणाचा, गड म्हणजे सह्याद्रीचा. धानाची रोवणी, बोडी, मोहफूल, तेंदूपत्ता, कोसा हे क्वचितच. आरमोरीच्या कोशाचे कापड पुण्यात विकले जाते, तर कोशाचा किडा पुण्याच्या स्टुडिओत का पोचू नये, असे आम्ही शिक्षक आपसात बोलत असू. पण ही तक्रार संस्था बंद पाडण्याचे कारण होऊ शकत नाही. तिला आपल्याकडे आणण्याचे, आपल्याकडच्या शिक्षकांना संहिता लिहायला बसवण्याचे ते कारण होते. आणि हे मुद्दाम लिहितो, की प्रमाण मराठी कानावर पडण्याची बाहेरची दुसरी जागा या मुलांना नव्हती. चौथीनंतर तालुक्याच्या शाळेत गेलेली आपली मुले बोलताना बिचकली नाहीत, त्यात या खोलीचाही वाटा आहे.

विजेचे प्रकरण थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण नोंदवहीतला सर्वांत मोठा शेरा तोच आहे. चंद्रपूरजवळ दुर्गापूरला महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये आला आणि पुढे त्या केंद्राची क्षमता वाढत गेली. १९९९ मध्ये चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटर लांबीची, १,५०० मेगावॉट वाहून नेणारी उच्चदाब वाहिनी सुरू झाली. कोळसा इथला, पाणी इथले, राख इथली, आणि वीज सरळ मुंबईच्या दारात. ज्या वर्षांत भारनियमन कडक होते, त्या वर्षांत शाळेच्या वेळेत आपल्या खोलीतला दिवा लागत नसे. मोठ्या कार्यक्रमासाठी एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरची बॅटरी काढून दिली होती आणि जुना कृष्णधवल संच तिच्यावर चालवला होता. हे त्याचे ऋण शाळेने मानले पाहिजे.

मुलांचा कार्यक्रम आणि व्यत्यय यांचे नाते जगात सगळीकडेच जुने दिसते. बीबीसीची दुसरी वाहिनी २० एप्रिल १९६४ च्या संध्याकाळी थाटात सुरू व्हायची होती. लंडनच्या बॅटर्सी वीज केंद्रात बिघाड झाला, शहराचा मोठा भाग अंधारात गेला आणि उद्घाटनाचे सगळे कार्यक्रम बारगळले. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे जो कार्यक्रम लागला तो ‘प्ले स्कूल’, शाळेआधीच्या वयाच्या मुलांचा. अशा रीतीने त्या वाहिनीची सुरुवात बाहुल्या आणि गोष्टींनी झाली. त्याच कार्यक्रमातल्या घड्याळाचे काटे फिरवणे हे कोणत्या विभागाच्या कामगारांचे काम, यावरून तिथे वर्षानुवर्षे वाद चालल्याचे सांगतात. १९७९ मध्ये तिथल्या खाजगी वाहिनीचे जवळजवळ सारे प्रसारण संपामुळे ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत बंद होते, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बीबीसीच्या स्टुडिओतल्या वादामुळे ‘डॉक्टर हू’ या मुलांच्या लाडक्या मालिकेची ‘शादा’ ही कथा अर्धवट चित्रित होऊन राहिली. तिथली त्या पिढीची माणसे आजही त्या न लागलेल्या कार्यक्रमांबद्दल बोलतात.

संपाचा अनुभव आपल्यालाही आहे. राज्यातल्या कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झाला, तेव्हा शाळेत टीव्ही नव्हता, पण गुरुजीही नव्हते. संपात एक गोष्ट असते: काम थांबवणारा माणूस आपले काम महत्त्वाचे आहे हे जाणून असतो, आणि समोरच्यालाही ते ठाऊक असते. म्हणून वाटाघाट होते आणि पडदा पुन्हा उजळतो. बालचित्रवाणीच्या वाट्याला संपही आला नाही. तिथे काम करणारे काम करायला तयार होते आणि त्यांच्या कामाचे पैसे द्यायला कोणी तयार नव्हते. याला व्यत्ययाची पाटी कोण लावणार?

आधी पाहणारे कमी झाले. १९९१ नंतर आरमोरी, ब्रह्मपुरी, चंद्रपूरला केबल आली. १९९४ मध्ये दूरदर्शनची स्वतंत्र मराठी वाहिनी आणि पुढे ‘सह्याद्री’ हे नाव आले, पण बालचित्रवाणीच्या कार्यक्रमांची वेळ शाळेच्या वेळेशी जुळतेच असे राहिले नाही. सप्टेंबर २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी बनवलेला एज्युसॅट हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला. पुन्हा आशा वाटली, प्रशिक्षणेही झाली. आपल्या खोलीतल्या रंगीत संचाची नळी तोपर्यंत गेली होती. दुरुस्तीचा खर्च सादिलवारीच्या रकमेत बसत नव्हता. काही काळ संच कापडाने झाकून ठेवला, मग कापडावर पुस्तकांचे गठ्ठे आले.

संस्थेला केंद्राकडून मिळणारे अनुदान थांबले. राज्याने ती पूर्णपणे आपली मानली नाही. शेवटची काही वर्षे तिथल्या कर्मचाऱ्यांना पगारच मिळत नव्हता. वर्तमानपत्रांतून त्याच्या बातम्या येत, निवेदने दिली जात, मंत्रालयात बैठका होत. अखेर ३१ मे २०१७ रोजी बालचित्रवाणी बंद झाली. मुलांच्या हातात मोबाइल आला, आता अशा संस्थेची गरज उरली नाही, असा त्यामागचा सूर होता. पुढे त्या जागी बालभारतीचा ई-बालभारती हा विभाग उभा राहिला आणि डिजिटल साहित्याचे काम सुरू झाले. ते काम चांगलेच आहे. पण काम करणारी, तीस वर्षांत मुलांशी बोलायला शिकलेली माणसे पांगली, ती पुन्हा जमा करता येत नाहीत. बाहुली कशी धरावी, सात वर्षांच्या मुलाला अपूर्णांक किती सावकाश सांगावा, कॅमेऱ्यात न बघता कॅमेऱ्यापलीकडच्या मुलाकडे कसे बघावे, हे शासन निर्णयाने शिकवता येत नाही.

तीनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, राज्यातली प्रत्येक शाळा बंद झाली.

ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा आपल्या तालुक्यातल्या अनेक घरांत मोबाइल एकच होता आणि तो बापाबरोबर कामावर जाई. दक्षिणेकडच्या तालुक्यांत मोबाइल असून उपयोग नव्हता, रेंज मिळवायला टेकडीवर जावे लागे. अशा वेळी शासनाला आणि संस्थांना आठवण झाली ती त्याच जुन्या दोन साधनांची. नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम ‘प्रथम’ संस्थेच्या सहकार्याने विभागातल्या सहाही जिल्ह्यांसाठी सुरू झाला, आणि तो आपल्या गावात नियमाने ऐकला गेला. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आला. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी बालभारतीच्या पुस्तकांवर तो तयार केला होता. आपल्या गावातल्या ज्या घरांत छत्री होती त्या घरांच्या ओसरीवर मुले अंतर ठेवून बसली. खिडकीशी पुन्हा बाया उभ्या राहिल्या. मी निवृत्त झालो होतो, पण ते पाहायला गेलो. कार्यक्रम उत्तम होते आणि घाईत उभे केलेले असूनही जिव्हाळ्याचे होते. ज्यांनी ते केले त्यांचे आभार मानताना माझ्या मनात एकच विचार होता: या दिवसासाठी जी संस्था असायला हवी होती, ती आपल्याकडे होती. तिचा स्टुडिओ होता, माणसे होती, ६,००० कार्यक्रम कपाटात होते. आपण ती तीन वर्षे आधी पगाराअभावी बंद करून बसलो होतो. या वाक्याचा राग ज्यांना येईल त्यांनी येऊ द्यावा.

राहिला प्रश्न त्या फितींचा. चुंबकीय फीत दमट हवेत टिकत नाही. बुरशी धरते, आणि ती वाचणारे जुने यंत्र मोडले की फीत शाबूत असूनही मुकी होते. बीबीसीने एके काळी जागा आणि फिती वाचवण्यासाठी जुने कार्यक्रम पुसून टाकले, त्यात ‘प्ले स्कूल’चे कितीतरी भाग कायमचे गेले. त्याच संस्थेत ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमाच्या संपादिका बिडी बॅक्स्टर यांनी आपल्या कार्यक्रमाच्या फिती जपल्या जाव्यात असा आग्रह धरला, म्हणून तो कार्यक्रम बऱ्याच प्रमाणात उरला. एका बाईंच्या हट्टाने एका देशाच्या मुलांची आठवण वाचली. मराठीत असा हट्ट सरकारने धरायला हवा, आणि सरकार धरत नसेल तर शिक्षकांनी धरायला हवा. बालचित्रवाणीच्या सर्व कार्यक्रमांची सूची प्रसिद्ध व्हावी, ते कोणत्याही जिल्हा परिषद शाळेला विनामूल्य मिळावेत, आणि गोंडी, माडिया या भाषांतून त्यांतले निवडक पुन्हा बोलके करावेत, अशा मागणीचा मसुदा मी समितीकडे दिला आहे. शाळेच्या कार्यक्रमाच्या दिवशी त्यावर माजी विद्यार्थ्यांच्या सह्या घेण्याचे ठरले आहे.

टीव्हीची खोली या उन्हाळ्यात रिकामी करायची आहे. तांदळासाठी नवी कोठी मंजूर झाली आहे. खोलीत जुना लाकडी पेटीचा संच, उरलेली नोंदवही आणि टू-इन-वन मांडून ठेवावे असे समितीचे मत पडले. संचाच्या झडपेची किल्ली सापडत नाही. तिसरी नोंदवही, जी शेवटच्या रंगीत संचाच्या काळातली असावी, तीही शाळेत नाही. वर्गाचे साहित्य घरी नेऊन सांभाळण्याची तेव्हाच्या शिक्षकांची पद्धत होती. त्यामुळे कोणाच्या घरी, माळ्यावर किंवा पेटीत तांबड्या पुठ्ठ्याची, ‘दूरदर्शन पाठ नोंद’ असे शाईने लिहिलेली वही असेल, तर ती मुख्याध्यापकांकडे पोचती करावी. ज्यांना त्या खोलीत पाहिलेला एखादा कार्यक्रम आठवत असेल, त्यांनी तो कोणत्या विषयावर होता आणि आपण तेव्हा कोणत्या वर्गात होतो एवढे दोन ओळींत लिहून दिले तरी चालेल. अक्षर, भाषा याची काळजी करू नये. झाडीबोलीत लिहिले तर अधिक चांगले.